चांगल्या दुकानाबद्दल दोन ओळी लिहा की!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अंबाबाईच्या दर्शनाला आलेला परगावचा माणूस हल्ली महाद्वार रोडवर कुणाला काही विचारत नाही. पूर्वी तो पानपट्टीवर थांबायचा, नाहीतर रिक्षावाल्याला विचारायचा, चांगली चप्पल कुठं मिळेल, मिसळ कुठं खावी. आता तो फोन काढतो, गूगलच्या नकाशावर तारे बघतो, खाली गिऱ्हाइकांनी मत (रिव्ह्यू) म्हणून लिहिलेल्या चार ओळी वाचतो आणि तिकडं चालू लागतो. त्यात वावगं काही नाही. फक्त त्या चार ओळी आपण कोल्हापूरकर लिहीतच नाही.

मी छोट्या दुकानदारांचे हिशेब ठेवायचं काम करते. लक्ष्मीपुरी, गुजरी, पापाची तिकटी, उद्यमनगर या भागांतली माझी गिऱ्हाइकं. कुणाचा माल उचलला जातो आणि कुणाचा पडून राहतो, हे मला खातेवहीत दिसतं. बोळात आत बसून हातानं चप्पल शिवणारा कारागीर आणि रस्त्याच्या तोंडाशी झगमगाट करून बाहेरचा माल विकणारं दुकान, दोघांचीही वही मी बघते. फोनवर कारागिराच्या नावाखाली जेमतेम हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मतं आणि दुकानाखाली शेकड्यांनी. कारागिराकडं येणारी घराणी आजोबापासूनची. त्यांना विचारलं, तुम्ही लिहीत का नाही? तर उत्तर ठरलेलं, "चांगलंच हाय की ते. सगळ्यांस्नी ठावं हाय." सगळ्यांस्नी म्हणजे पेठेतल्या सगळ्यांना. हैदराबादहून आलेल्या माणसाला ते कोण सांगणार?

जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि आपलं नावही घेतलं नाही. तेव्हा अख्खं गाव पेटलं, ते योग्यच झालं. पुढं कंपनीला हा नमुना मूळचा भारतातला असल्याचं मान्य करावं लागलं, तिची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेली. त्या दिवसांत प्रत्येकाच्या व्हॉट्सॲप स्टेटसला चप्पल होती. पण ज्यांनी स्टेटस ठेवलं, त्यातल्या कितीजणांनी स्वतःच्या पायातली चप्पल कुणी शिवली हे कुठं लिहिलं? २०१९ मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांच्या चपलेला आहे. त्यात अमुक बोळातल्या अमुक माणसाचा हात चांगला, असं काही लिहिलेलं नसतं. ते गिऱ्हाइकानंच सांगायचं असतं.

आपण लिहीत नाही असंही नाही म्हणा. राग आला की बोटं भराभरा चालतात. नवरात्रात मंदिराच्या आसपास गाडी लावायला जागा मिळाली नाही, म्हणून एका मिसळवाल्याला कुणीतरी एक तारा दिलाय. खाली लिहिलंय, 'मिसळ चांगली आहे, पण पार्किंग नाही.' मालकानं फोन माझ्यापुढं धरला आणि म्हणाला, "ताई, आता मी रस्सा ढवळू का गाड्या लावू?" मला हसू आलं, पण हिशेब हसण्यासारखा नाही. चारजणांनी पाच-पाच तारे दिलेत आणि पाचव्यानं एक दिला, तर सरासरी ४.२ वर येते. शंभरजणांनी पाच-पाच दिले असतील, तर एकाच्या रागानं ती ४.९६ होते, म्हणजे जागची हलतसुद्धा नाही. शिवाय जवळच्या दुकानांमध्ये कोण वर दिसणार, हे ठरवताना मतांची संख्या आणि ताऱ्यांची सरासरीही धरली जाते, हे गूगल स्वतःच सांगतं. थोडक्यात, खूश झालेली माणसं गप्प बसली की कारभार चिडलेल्यांच्या हाती जातो.

आता लिहायचं काय? 'लय भारी', 'नाद खुळा', 'जगात भारी' यानं दुकानदाराचा ऊर भरून येतो, वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. एका बाईंनी लिहिलेलं मला आवडलं. साधारण असं होतं : पाय रुंद असेल तर आधी सांगा, माप घेऊन करून देतात. सुरुवातीला अंगठ्याला चावते, तेल लावत राहिलं की बसते. पावसात घालू नका. बास! एवढ्यात गिऱ्हाइकाला दुकान कळलं, चप्पलही कळली, आणि घेतल्यावर दुसऱ्याच दिवशी 'चावते' म्हणून भांडायला येणारा एक माणूस कमी झाला. खानावळीबद्दल लिहिताना पांढरा रस्सा दुपारी किती वाजता संपतो ते लिहा. जिना उभा आहे, म्हाताऱ्या माणसाला जमणार नाही, हेही लिहा. आणि मराठीत लिहा. परभाषकाला तिथं भाषांतर करून वाचता येतं, तुम्ही इंग्रजीशी झटापट करायची गरज नाही.

दुकानदारांशी बोलायला गेलं की भीड आडवी येते. "आपणच कसं म्हणायचं, आमचं कौतुक लिहा म्हणून? बरं दिसत नाही." हाच माणूस 'कृपया उधार मागू नये' अशी पाटी गल्ल्यावर डोळ्यांसमोर लावतो, तेव्हा भीड कुठं असते कोण जाणे. गूगलवर दुकानाची नोंद करायला पैसे लागत नाहीत. नोंद झाली की मत मागण्यासाठी एक लिंक आणि क्यूआर कोड तिथंच मिळतो. तो छापून गल्ल्याजवळ ठेवायचा. फक्त पैसे घ्यायच्या क्यूआर कोडला चिकटून ठेवू नका. एका ठिकाणी मी बघितलंय, गिऱ्हाईक मताचा कोड स्कॅन करून "रक्कम कुठं टाकायची?" म्हणून शोधत उभं, आणि मागं रांग. वर ठळक अक्षरांत 'पैसे इथे नव्हेत, तुमचं मत इथे' असं लिहिलं की काम होतं. आणि मागायचं ते हिशेब चुकता झाल्यावर, सगळ्यांकडं. गिऱ्हाईक आपणहून "छान झालंय" म्हणालं, तर "तेवढंच फोनवर लिहा की" म्हणायला कसली लाज?

'पाच तारे दाखवा, ताक फुकट न्या' असले बोर्ड मात्र लावू नका. मताच्या बदल्यात सूट, भेट किंवा पैसे देणं गूगलच्या नियमात बसत नाही. खूश दिसणाऱ्यांनाच गाठून लिहायला सांगणं आणि नाराजांना अडवणं, हेही नाही. असली मतं काढून टाकली जातात. अमुक पैशांत तमुक मतं विकणाऱ्यांचे फोन माझ्या गिऱ्हाइकांनाही येतात, आणि त्यांना माझं उत्तर एकच, फोन ठेवा. कोल्हापूर कधी न पाहिलेल्या माणसांची ती मतं असतात. तांबड्या रश्श्याला 'गोड आणि ताजा' म्हणणारं एक मत मी स्वतः वाचलंय. भारतीय मानक ब्युरोनं नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन मतांसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानकच काढलंय. ते ऐच्छिक असलं तरी विकत घेतलेली मतं छापू नयेत, असं त्यात स्पष्ट आहे.

वाईट मत आलं तर? आपल्याकडं शब्दाला शब्द भिडवायची हौस फार. 'तुम्हाला कोल्हापुरी खाणं झेपत नाही' असलं उत्तर दिलं की पुढचे शंभरजण तक्रार विसरतात आणि मालकाचा तोरा लक्षात ठेवतात. त्या दिवशी मीठ जास्त पडलं होतं, बरोबर आहे तुमचं, पुन्हा आलात तर सांगा, एवढं पुरतं. गिऱ्हाइकांनीही तक्रार आधी गल्ल्यावर सांगावी. दुकानदारानं ऐकून दुरुस्त केलं, तर दिलेलं मत नंतर बदलता येतं, तेही करावं. आणि खरोखर फसवणूक झाली असेल तर एक तारा देऊन काही होत नाही, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर त्यासाठीच आहे.

आपल्या दैनिकाला एक विनंती. नवरात्राआधी शहर पानावर अर्धा रकाना या विषयाला द्यावा. मत कसं लिहायचं, दुकानाची नोंद कशी करायची, हे चित्रांसह छापावं. म्हणजे फोन हाताळायला बिचकणारे दुकानदार ते कात्रण पोरांपुढं धरून काम करून घेतील. सोबत एवढंही छापा, की सणातल्या बदललेल्या वेळा आणि साप्ताहिक सुट्टी नोंदीत भरून ठेवा. बंद दुकानाच्या दारात पोरंबाळं घेऊन उभा राहिलेला माणूस हमखास मत लिहितो, आणि ते कसलं असतं ते मी वेगळं सांगायला नको.

आपली नम्र,
एक हिशेबनीस वाचक
मंगळवार पेठ, कोल्हापूर