गायब होणाऱ्या ‘ठेव मोडा’ बटणाबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

मी आणि माझे वडील, दोघेही तुमच्या बँकेचे खातेदार. कराडच्या घराचे पत्रे बदलायचे म्हणून बाबांनी दीड लाखाची मुदत ठेव मोडायचं ठरवलं. मी पुण्यात माझ्या मोबाइलवर तुमचं अ‍ॅप उघडून त्यांना फोनवर सांगत होते, “व्याजदराच्या खाली लाल बटण आहे बघा, ‘ठेव मोडा’.” बाबा म्हणाले, “नाही गं. व्याजदर, खाली नॉमिनी, संपलं.”

अर्धा तास हेच. चष्मा बदलून झाला, अक्षर मोठं करून झालं. हेल्पलाइन म्हणाली अ‍ॅप काढून परत टाका, तेही केलं. नव्याने नोंदणी झाल्यामुळे २४ तास यूपीआयची मर्यादा ५,००० रुपयांवर आली आणि पत्रेवाल्याचा अ‍ॅडव्हान्स अडकला, ते वेगळंच.

दुसऱ्या दिवशी शाखेतल्या बाईंनी एका वाक्यात सांगितलं, “काका, ही टॅक्स सेव्हर आहे, पाच वर्षांच्या आत मोडत नाही.”

नियम मान्य आहे. या ठेवीवर आयकरातली ८०सी कलमाची सवलत घेतली होती, बाबा विसरले. पण अ‍ॅपमध्ये त्या पानावर नुसतं ‘मुदत ठेव’ लिहिलंय. माझी ठेव साधी म्हणून मला बटण दिसतं. त्यांच्या पानावरून तुम्ही ते उचलूनच नेलंत. बाबांनी समजूत करून घेतली की आपल्यालाच मोबाइल जमत नाही. वर्डमध्ये काही कॉपी केलेलं नसेल तर ‘पेस्ट’ करडं पडतं, पण जागा सोडून जात नाही.

सगळंच दाखवा असं नाही. बाबांना कधीच लागणार नाही ते खुशाल लपवा. सुरुवात ‘तुमच्यासाठी प्री-अप्रूव्ह्ड कर्ज’पासून करा, ७१ वर्षांच्या पेन्शनरला ते रोज न चुकता दिसतं.

‘ठेव मोडा’ मात्र जागेवर ठेवा, वाचता येईल इतपत करडं करा आणि खाली लिहा: ‘करबचत ठेव. १४ मार्च २०२७ पर्यंत मोडता येणार नाही.’ कारण न देता नुसतं करडं केलंत, तर बाबा त्यावर बोट दाबत बसतील आणि मला पुन्हा फोन करतील.

३० दिवसांत लेखी उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जाईन.

आपली,
एक खातेदार, पुणे