डिसेंबरपर्यंत इथेच राहायचे ठरवले आहे

तीर्थरूप आई व बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगितले असते तर आईने नुसते "बरं" म्हणून फोन बाबांकडे दिला असता आणि बाबांनी हवापाण्याची चौकशी करून तो ठेवला असता, म्हणून लिहूनच कळवते आहे. मी जूनमध्ये फिनलंडहून परत येणार नाही. बिनपगारी रजा मंजूर झाली, तिकीट बदलून घेतले. नाताळाच्या सुट्टीला इथल्या शाळा बंद झाल्या की लगेच निघेन. गौरी-गणपतीला आणि दिवाळीला मी घरी नसेन, याचे मला तुमच्याइतकेच वाईट वाटते आहे.

पण कारण समजून घ्या. आतापर्यंत युवास्क्युला शहराच्या आसपासच्या शाळा पाहिल्या त्या वर्ष संपत आल्यावर, त्यामुळे वाचायला शिकलेली मुले दिसली. ती शिकली कशी, ते दिसले नाही. इथे मूल सातव्या वर्षी पहिलीत येते, नवे वर्ष ऑगस्टच्या मध्याला सुरू होते, आणि पहिल्या काही महिन्यांतच कोणते मूल अडखळते आहे हे हेरून शाळेतलाच खास प्रशिक्षण घेतलेला शिक्षक त्याला थोडा वेळ लहान गटात घेऊन बसतो. मला तेच काम जवळून पाहायचे आहे. बाबा, शाळा सुटल्यावर तुम्ही आपल्या सोप्यात मागे पडलेल्या पोरांना घेऊन बसायचा आणि मी त्यांच्या पाट्या पुसून द्यायची. तुम्ही स्वतःच्या वेळात एकट्याने जे केले, ते इथे वेळापत्रकात बसवलेले आहे आणि त्यासाठी शिक्षकाला पगार मिळतो. तो वर्ग पाहताना तुम्ही शेजारी हवे होता, असे फार वाटले.

इथल्या शिक्षकांना मी आवर्जून सांगते की शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले ते १९१७ साली, आणि मुलाला शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. फिनलंडचा सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १९२१ चा आहे. त्यांना आश्चर्य वाटते, आणि मला मात्र पुढे आपल्याकडे काय राहून गेले या विचाराने रात्री झोप लागत नाही. यांनी १९७० च्या दशकात साऱ्या मुलांसाठी नऊ वर्षांची एकच शाळा उभी केली आणि शिक्षक होण्यासाठी पदव्युत्तर शिक्षण आवश्यक ठरवले. सगळे आदर्श आहे असे मी म्हणत नाही. २००६ नंतर आंतरराष्ट्रीय चाचण्यांत इथल्या मुलांचे गुण घसरत गेले आहेत आणि शिक्षक त्याबद्दल मोकळेपणाने काळजी बोलून दाखवतात. शिवाय वीसेक मुलांच्या वर्गातली रीत माझ्या वर्गात जशीच्या तशी चालणार नाही, हेही मला कळते. म्हणूनच तिचा गाभा नीट समजून घेतल्याशिवाय परतणे मला पटत नाही.

आई, तुला आवडेल अशी गोष्ट म्हणजे इथे मुले दारातच बूट काढून पायमोज्यांवर वर्गात जातात. मुलगे आणि मुली दोघेही शिवणकाम आणि सुतारकाम शिकतात. दुपारी सर्वांना गरम जेवण फुकट मिळते, आणि ही पद्धत १९४८ पासून, म्हणजे युद्धाने देश पार खचलेला असताना सुरू झाली. मुले आपले ताट आपण वाढून घेतात आणि आपणच उचलून ठेवतात. एकच गोष्ट माझ्या अजून अंगवळणी पडत नाही: मुले शिक्षकांना नावाने हाक मारतात. बाबांना तर ते मुळीच रुचणार नाही.

माझ्या जेवणाची चिंता करू नका. खोलीत शेगडी आहे, संध्याकाळी भात-आमटी करते आणि तुझी कांदा-लसूण चटणी जपून वापरते. थंडीचे कपडे इथल्या मैत्रिणीने दिले आहेत. तापात तू कपाळावर हात ठेवून बसायचीस, तेवढे सोडले तर इथे मला काही कमी नाही.

आता माझे ऐका. बाबा, इन्सुलिन घेतल्यावर "जरा पेपर वाचतो" म्हणत जेवण लांबवायचे नाही, आणि तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी जूनमध्ये झालीच पाहिजे. आई, मोतीबिंदूसाठी माझी वाट पाहू नकोस. दादा पुण्याहून येऊन आठवडाभर राहणार आहे, त्याच्याशी माझे बोलणे झाले आहे. पावसाळ्यात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर, म्हणजे इशारा पातळीवर गेले की त्याच दिवशी मावशीकडे जायचे. ४३ फुटांची, धोक्याच्या पातळीची वाट पाहायची नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुरात काय झाले ते आपण तिघांनीही पाहिले आहे. कागदपत्रांची पिशवी आणि औषधे आत्ताच वरच्या फडताळात ठेवा. मी रागावून लिहीत नाही, पण इतक्या लांबून मला एवढेच करता येते.

रोज तुमच्या रात्री साडेआठला, म्हणजे सध्या इथल्या संध्याकाळी सहाला, फोन करीन. निर्णय पटला नसेल तर तसेच स्पष्ट सांगा, मनात ठेवू नका.

तुमची,
धाकटी