बुधवारची वरणफळं, कणकेशिवाय

ती. आई आणि ती. बाबा यांस,
शि. सा. नमस्कार.

गहूवाल्या काकांचा फोन यायच्या आत हे पत्र तुमच्या हाती पडावं म्हणून घाईने लिहितेय. दर उन्हाळ्यात आपण लोकवनाचे दोन कट्टे भरतो. यंदा मी त्यांना एकच सांगितलाय, तोही ३० किलोचा. तुम्हाला न विचारता सांगितला, हे मला माहीत आहे. विचारलं असतं तर बाबा म्हणाले असते, "भरून ठेव गं, पुढचं पुढे बघू." आणि एकदा कोठी भरली की "आता गहू वाया घालवायचा का" या नावाखाली पोळ्या सुरूच. बाबा, तुमच्या निग्रहावर शंका नाही. सिगारेट सोडलेला माणूस तुम्ही. पण सिगारेट काही आपल्या स्वयंपाकघरात दोन वेळा लाटली जात नव्हती.

बाबांच्या मधुमेहासाठी तीन महिने धान्य बंद, हे डॉक्टरांनी आणि आहारतज्ज्ञ बाईंनी मिळून ठरवलंय. माझ्या मोबाईलमधलं हे खूळ नाही. तीनच महिने का, तर एचबीए१सी हा आकडा साधारण मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवतो. त्याआधी तपासून हाती काही लागत नाही. गहू, तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका हे सगळं बंद. आणि आई, भगरसुद्धा. उपासाला चालते म्हणून ती धान्य नाही असं नाही, ती भरडधान्यच. साबुदाणा धान्य नाही, तो कंदातला निव्वळ स्टार्च, पण साखर चढवायला तो भातालाही हार जाणार नाही. त्यामुळे एकादशीला "धान्य कुठे खाल्लं" हा युक्तिवाद चालायचा नाही. दाण्याची आमटी आणि काकडीची कोशिंबीर करा.

काय काय राहणार आहे तेही ऐका, म्हणजे घाबरायला नको. वरण राहणार. वरणावरचं साजूक तूप राहणार, एक चमचा. लसूण-लाल मिरचीची फोडणी, कच्चा कांदा, सांडगी मिरची, भाजलेला उडदाचा पापड (एकच, बीपीमुळे), सकाळचा बिनसाखरेचा चहा, रात्रीचं ताक, सगळं राहणार. आणि बुधवारची वरणफळंही राहणार. ती बंद करा असं सांगायची हिंमत माझ्यात नाही.

आई, तू फोनवर म्हणालीस, "मग काय, कणकेऐवजी बेसन मळून तसंच वरणात सोडू." तसं करू नकोस. कणीक मळली की गव्हातली प्रथिनं एकमेकांना धरून ठेवतात. म्हणून पातळ लाटलेलं फळ उकळत्या वरणातही सुटत नाही. बेसनात ती पकड नाही. बेसन घट्ट होतं ते शिजल्यावर, आणि कच्चं असताना पाण्यात पडलं तर शिजायच्या आत कडा विरघळायला लागतात. मग वरणाचं पिठलं होतं आणि तळाशी लागतं ते वेगळंच. डुबुकवडे त्यातून निभावतात, कारण ते जाड असतात आणि बाहेरून आधी आवळतात. शंकरपाळीएवढं पातळ फळ निभावत नाही.

याचं उत्तर तुझ्याच हातात आहे. पातोडी करताना तू बेसन आधी शिजवून, थापून, मग वड्या कापून रश्शात सोडतेस ना? तेच करायचं. फरक एवढाच की फळ पातोडीपेक्षा पातळ आणि लवचिक हवं. त्यासाठी इसबगोलाचा भुसा. तो पाणी पिऊन चिकट होतो आणि गव्हाची पकड बऱ्यापैकी भरून काढतो.

बाबांच्या एका जेवणाचं माप देते. काट्याने मोजायचं, अंदाजाने नाही. मी पाठवलेला काटा डब्यातच पडून आहे, तो बाहेर काढ. बारीक बेसन ५० ग्रॅम, इसबगोल ५ ग्रॅम, तेल एक छोटा चमचा, हळद, तिखट, मीठ, पाव चमचा चुरडलेला ओवा. कोमट पाणी आधी ५० मिली, लागलं तर आणखी चमचा-चमचा. बेसन आधी मंद आचेवर चार-पाच मिनिटं भाज, फक्त वास सुटेपर्यंत. रंग बदलू देऊ नकोस. लाडवासारखं खमंग भाजलंस तर ते नीट बांधलं जात नाही आणि लाटताना फाटतं. अजिबात भाजलं नाहीस तर वरणाला कच्चट वास येतो, आणि बाबा बोलणार नाहीत पण ताटात ठेवतील.

गार झालेल्या बेसनात इसबगोल कोरडाच नीट मिसळ. आधी पाण्यात टाकलास तर गुठळ्या होतात आणि त्या काही केल्या मोडत नाहीत. पाणी घातल्यावर गोळा सैल, चिकट वाटेल. इथे तुझा हात बेसनाच्या डब्याकडे जाणार! थांब. पंधरा मिनिटं झाकून ठेव, इसबगोल ते पाणी ओढून घेतो आणि गोळा आपोआप आवळतो. वरून बेसन घातलंस तर फळं रबरासारखी होतात.

लाटायचं तेल लावलेल्या दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये, पोळपाटावर नुसतं नाही. जाडी ३ मिलिमीटर, म्हणजे कणकेच्या फळांपेक्षा थोडी जास्त. त्याहून पातळ केलीस तर ढवळताना तुकडे पडतात. लाटलेली चकती तेलाचा हात फिरवलेल्या ताटलीत ठेवून १० ते १२ मिनिटं वाफवायची. मोदकपात्र आहेच. सुरी टोचून पाहा, स्वच्छ निघाली की झालं. गरम असताना कापू नकोस, सुरीला चिकटते. दहा मिनिटांनी कापलीस की काटकोनसुद्धा नीट येतात.

आता वरण. बाबांपुरती तूरडाळ ३० ग्रॅम आणि मूगडाळ १० ग्रॅम. मूग का, तर कणकेच्या फळांतून थोडं पीठ वरणात उतरतं आणि त्यानेच आपल्या वरणफळांना तो दाटपणा येतो. वाफवलेल्या बेसनातून तसं काही उतरत नाही, त्यामुळे वरण खाली आणि पाणी वर असं होतं. मूग ते बांधून धरतो. चिंच घालायची ती डाळ पूर्ण शिजल्यावरच, आंबटात डाळ मऊ होत नाही. गूळ नाही. तेवढी एक चिमूट मागू नका, बाबा. नेहमीसारखी फोडणी, वरण उकळलं की गॅस मंद, मग फळं सोडायची आणि चार-पाच मिनिटं नुसती मुरू द्यायची. खळखळून उकळायचं नाही. पळीने ढवळू नकोस, पातेलं हातात धरून हलव. नेहमीपेक्षा वाटीभर पाणी जास्त ठेव, कारण इसबगोल ताटातसुद्धा पाणी ओढत राहतो.

उरलेली फळं वरणात ठेवून दुसऱ्या दिवशी खायची सवय आहे तुम्हाला, ती या फळांना मानवत नाही. फुगून लगदा होतात. वाफवलेली चकती मात्र फ्रिजमध्ये झाकून दोन दिवस छान राहते. थोडी कडक होते, गरम वरणात पडली की सैल होते.

चव हुबेहूब तीच लागेल असं मी म्हणणार नाही. कणकेच्या फळांचा तो गुळगुळीत चावा यात नाही. बेसनाचा खमंगपणा पुढे येतो. पण वर लसणाची फोडणी आणि तूप पडलं की पहिल्या चार घासांनंतर तक्रार राहत नाही.

आणि बाबा, बेसन म्हणजे साखर नाही असा समज करून घेऊन दुसऱ्यांदा वाढून घेऊ नका. तुमच्या ताटात १०० ग्रॅम कणकेची फळं असायची, त्यात साधारण ७० ग्रॅम कर्बोदकं. ५० ग्रॅम बेसनात साधारण २९, त्यातही काही तंतू. डाळीचे दोन्हीकडे सारखेच. म्हणजे फायदा थोडा बेसनाचा आणि बराचसा माप कमी झाल्याचा. ताट रिकामं वाटू नये म्हणून बाजूला वाटीभर कोबीची किंवा दोडक्याची भाजी, ती हवी तेवढी. जेवण साडेसातला, आणि नंतर गच्चीवर पंधरा मिनिटं चालणं. बातम्या चालून झाल्यावर.

सगळ्यात महत्त्वाचं. ग्लिमेपिराइडची गोळी जेवण कमी झालं म्हणून कमी काम करत नाही, ती साखर खाली ओढतच राहते. म्हणून डॉक्टरांनी डोस आधीच कमी करून दिलाय. जुन्या पाकिटातल्या गोळ्या काढून टाका, "संपवू आणि मग नवीन" असं करायचं नाही. घाम, थरथर, छातीत धडधड, उगाच चिडचिड यातलं काही झालं की आधी मशीनवर साखर बघा. ७० च्या खाली असेल तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच घ्या, पंधरा मिनिटांनी परत तपासा. त्या वेळी लाडू किंवा पेढा नको, त्यातल्या तुपामुळे साखर रक्तात पोचायला उशीर होतो. शुद्ध नीट नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ दवाखाना. आई, हा परिच्छेद कापून फ्रिजवर लाव.

डाळी वाढल्या म्हणून मी मूत्रपिंडांच्या तपासणीतलं क्रिएटिनिनही विचारून घेतलं, ते व्यवस्थित आहे. गॅस होईल सुरुवातीला. ओवा त्यासाठीच आहे, आणि दिवसभर पाणी पीत राहा, इसबगोल कमी पाण्यात उलटं काम करतो. हिंगाच्या डबीत गव्हाचं पीठ असतं हे आईने कुठेतरी वाचलंय. असतं बऱ्याच डब्यांत, पण त्याची काळजी सीलिअ‍ॅक (गव्हातलं ग्लुटेन न सोसण्याचा आजार) असलेल्यांनी करायची. बाबांना गव्हाची अ‍ॅलर्जी नाही. चिमूटभर हिंगाने काही होत नाही. मेतकुटात मात्र तांदूळ आणि गहू असतात, ते सध्या नको.

आता आई, तुझं. तो ३० किलोचा कट्टा तुझा आहे. तुझं वजन आधीच कमी आहे आणि तुला साखर नाही. "ह्यांना नाही तर मी कशाला एकटीसाठी लाटू" हे वाक्य मला ऐकायचं नाही. तू पोळी खायचीस, दोन्ही वेळा, बाबांच्या समोर बसून. बुधवारी वरण एकाच पातेल्यात शिजव, मग दोन भांड्यांत वेगळं कर. तुझ्यात कणकेची फळं, बाबांच्यात बेसनाची. लाटताना उरलेल्या कणकेची तू मला चिमणी करून द्यायचीस, मिरीचे डोळे लावून. तेवढी कणीक घरात असू दे, ती सगळीच हद्दपार करायला मलाही जड जातंय. सकाळची थायरॉईडची गोळी घेतल्यावर काही तास इसबगोल घ्यायचा नाही, तो गोळी नीट शोषू देत नाही. रात्रीच्या जेवणात चालेल.

वाळवणाचं मी लांबवत होते, पण सांगून टाकते. कुरडयांसाठी गहू भिजत घालू नकोस. शेवया पण नको. तुला वर्षभर पुरेल एवढ्या मागच्या वर्षीच्या आहेत, मी डबा बघितलाय. त्याऐवजी मूग-मटकीचे सांडगे घाल आणि उडदाचे पापड जास्त कर. सांडगे बाबांच्या रश्शात दर आठवड्याला कामी येतील. डाळी गिरणीवर नेऊ नकोस, सांडग्यांना वाटणच लागतं. बेसन मात्र हरभरा डाळीचं घरच्या गिरणीवरचंच आण आणि बारीक दळायला सांग. जाडं बेसन लाडवाला बरं, फळांना नाही, चकती भुसभुशीत होते.

बाबा, हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल की पोरगी फार शहाणी झाली. वाटू दे. तीन महिन्यांनी आकडा खाली आला तर आठवड्यातून दोन पोळ्या परत आणायचं डॉक्टरांशी बोलणं झालंय, ते मी विसरणार नाही आणि तुम्ही मला विसरू देणार नाहीच.

या बुधवारी जेवणाआधी आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी साखर तपासा आणि दोन्ही आकडे मला पाठवा. गोल करून नाही, मशीनवर दिसतील तसे. फळं फाटली तर आई, फोटो पाठव, पाणी कमी पडलं की बेसन जास्त भाजलं गेलं ते बघून सांगते.

तुमची,
चिमी