चहाच्या घोटाबरोबर

रामबाग, इंदूर
८ डिसेंबर

प्रिय शिऱ्या,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, रक्तातलं टीएसएच पुन्हा वाढलं, म्हणजे थायरॉइड अजून कमीच पडतंय, म्हणून डॉक्टरांनी थायरॉइडची ७५ मायक्रोग्रॅमची गोळी १०० ची केली. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं म्हणून मी हं हं करून फोन ठेवला. रात्री मात्र झोप येईना. दिवाळीत तू चार दिवस आमच्याकडे होतास, ती सकाळ आठवत राहिली. साडेसहाला गॅलरीत खुर्ची टाकलेली, हातात आल्याचा दूधवाला चहा. बाटलीतून ती चिमुकली गोळी काढलीस आणि चहाच्या पहिल्या घोटाबरोबर गिळलीस. पाच मिनिटांत पोहे आले, वर शेव, जीरावन. पोहे संपतात न संपतात तोच वहिनींनी तुझ्या हातावर कॅल्शियमची गोळी ठेवली. चौतीस वर्षं औषधांच्या दुकानात काढलेला माणूस समोर बसून जिलबी खात होता, पण चकार शब्द बोलला नाही. तेव्हाच टोकायला हवं होतं, राहून गेलं.

आपण समजतो, गोळी गिळली की काम झालं. अरे, गिळलेली गोळी नुसती नळीत उतरलेली असते. तिथे ती विरघळायला हवी, मग आतड्याच्या भिंतीतून पलीकडे रक्तात जायला हवी. तुझी थायरॉइडची गोळी या बाबतीत भारी नखरेल. उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घेतली तरी तिच्यातलं साधारण ६० ते ८० टक्केच औषध रक्तात पोचतं. उरलेलं तसंच बाहेर. बरं, डोस मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे मिलिग्रॅमचाही हजारावा भाग. तिथे थोडी गळती झाली तरी रिपोर्टात दिसते. चहा-कॉफीने ती कमी शोषली जाते, भरल्या पोटी आणखी कमी. आणि कॅल्शियम तर तिला आतड्यातच धरून ठेवतं. लोहाची गोळीही तेच करते. म्हणून या दोन्हींत आणि थायरॉइडच्या गोळीत चार तासांचं अंतर ठेवायला सांगतात. तू तर अर्ध्या तासात सगळी वरात एकाच मांडवात बसवलीस!

शिवाय तुझी ती गॅसची गोळी. सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री बाराला भुट्ट्याचा कीस आणि गराडू खाल्लेस, तेव्हा खिशातून काढून मला दाखवली होतीस, 'रोज घेतो' म्हणून. ती पोटातलं आम्ल कमी करते. थायरॉइडची गोळी नीट विरघळायला तेच आम्ल लागतं. गॅसची गोळी सुरू झाल्यावर टीएसएच वर गेलेली गिऱ्हाइकं मी पाहिली आहेत. लगेच बंद करू नकोस, पण थायरॉइडच्या डॉक्टरांना ती चालू असल्याचं ठाऊक आहे का? पोटाचे डॉक्टर वेगळे, हे वेगळे. एकाची चिठ्ठी दुसऱ्यापर्यंत पोचत नाही.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो. हे वाचून उद्यापासून गुपचूप शहाणा होऊ नकोस. ७५ पुरत नव्हती ती कदाचित चहामुळे. आता १०० चालू आहे, त्यात तू चहा सोडलास, कॅल्शियम दुपारी नेलंस, की जास्तीचं औषध अंगात जाईल आणि छाती धडधडेल, हात थरथरतील. म्हणून आधी डॉक्टरांना जशी घेत होतास तशी सगळी सकाळ सांग, पोह्यांसकट. लाजू नकोस. ते कदाचित पुन्हा ७५ करतील, सवय बदलून बघू म्हणतील. मग सहा-आठ आठवड्यांनी रक्त तपासायचं, त्याआधी नाही. हे औषध अंगात सावकाश साठतं आणि सावकाशच उतरतं. पहाटेचा चहा सुटतच नसेल तर रात्री जेवणानंतर तीन-चार तासांनी गोळी घेण्याची सोय आहे, तेही विचार. पण सराफ्याच्या फेऱ्या बघता तुझं ते जमायचं नाही.

तुला वाटेल, दुकानदार उपदेश करतोय. म्हणून माझंच एक सांगतो, आजवर फक्त हिला माहीत आहे. आईला शेवटी शेवटी गोळी गिळवत नसे. मी मोठा हुशार, तिची बीपीची गोळी खलबत्त्यात कुटली आणि मधात कालवून चाटवली. ती दिवसभर थोडं थोडं औषध सोडणारी गोळी होती, पाकिटावर लिहिलेलंही होतं. कुटल्यावर दिवसभराचं औषध एका दमात सुटलं. तासाभरात आई न्हाणीच्या दारात बसली ती उठेचना, बीपी ९० च्या खाली. संध्याकाळी सावरली आणि मलाच म्हणाली, "अरे, घाबरलास का?" तो खलबत्ता मी त्यानंतर माळ्यावर टाकला.

औषध तेच, मात्रा तीच, फरक नुसता ते कसं सुटतं याचा. ऑस्ट्रेलियात १९६८ च्या सुमारास फिटच्या औषधाचं असंच झालं होतं. फेनिटॉइनच्या कॅप्सूलमध्ये भर म्हणून कॅल्शियम सल्फेट घालत, त्याऐवजी लॅक्टोज घातलं. औषधाचा कणही वाढवला नव्हता, तरी रोग्यांच्या रक्तातली पातळी चढली, लोक झिंगल्यासारखे चालू लागले. कॉलेजात सरांनी हे सांगितलं तेव्हा मी मागच्या बाकावर डुलक्या घेत होतो. कळलं ते आईच्या वेळी.

आणि हो, सगळीच औषधं उपाशीपोटी घ्यायची नसतात. वहिनी आठवड्याला ड जीवनसत्त्वाची पुडी घेतात ना, ती तूपतेल असलेल्या जेवणाबरोबर छान लागते. त्यांची रिकाम्या पोटी असेल तर बदलायला सांग. एकाच घरात एकीला तूप हवं आणि एकाला चहाही नको, हे त्यांना समजावणं तुझं काम.

भाचा रविवारी पुण्याला येतोय. त्याच्याबरोबर जीरावन आणि लवंगी शेव पाठवतो. डॉक्टरांशी बोलणं झालं की मग पोहे गोळीनंतर तासाभराने. रिपोर्ट आला की फोन कर. दुपारी दोन ते चार दुकान बंद असतं, तेव्हा निवांत बोलू.

तुझाच,
बाळ्या