सीबीएस म्हणजे एबीएस नव्हे

स्कूटरच्या ब्रेकवरील आपल्या लेखात सीबीएस (कम्बाइन्ड ब्रेकिंग सिस्टीम) आणि एबीएस (अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टीम, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) यांना एकाच पंगतीत बसवले आहे, ते पटले नाही. सीबीएसमध्ये एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागतो. फक्त मागचाच ब्रेक वापरण्याची सवय असलेल्यांना त्याचा खरा उपयोग होतो. पण ओल्या रस्त्यावर घाबरून ब्रेक करकचून दाबला, तर चाक जाम होणे सीबीएस रोखू शकत नाही. एबीएसचा सेन्सर चाकाचा वेग सतत मोजतो आणि चाक अडकू लागताच ब्रेकचा दाब सेकंदात अनेकदा कमी-जास्त करतो. पुढचे चाक घसरले की स्कूटर सावरणे जवळपास अशक्यच. म्हणून निदान पुढच्या चाकाला एबीएस हवेच, हे लेखात ठामपणे यायला हवे होते.

– एक नियमित वाचक