खुल्या जागेला अकरा महिन्यांचा कागद द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तलाठी म्हणून ३४ वर्षे मी दुसऱ्यांच्या पिकांची नोंद केली. गाव नमुना १२ काखेत मारून बांधाबांधाने फिरलो. कुणाचा ऊस, कुणाची हळद, कुणाची पड. (आता ती पाहणी शेतकरी स्वतः मोबाइलवर करतो. माझे गुडघे वाचले असते.) स्वतःच्या हाताने मेथीची जुडी उपटली ती मात्र निवृत्तीनंतर, विश्रामबागेत, आणि तीही आपल्या नावावर नसलेल्या जमिनीत. त्याबद्दलच हे पत्र.

आमच्या कॉलनीचा लेआउट दीड एकराचा. एकराच्या वरचे रेखांकन असले की दहा टक्के जागा खुली सोडावी लागते, त्या हिशेबाने ६ गुंठे सुटलेले. तिथे ‘नियोजित उद्यान’ अशी पाटी होती. ती गंजून ‘नियोजित’ एवढेच वाचता येऊ लागले. बाकी काँग्रेस गवत, घरदुरुस्तीचा राडारोडा आणि अंधार पडला की बाटल्या. गेल्या वर्षी मे महिन्यात शेजारच्या वहिनींनी विचारले, “भाऊसाहेब, ह्यात दोडका येईल का हो?” मी म्हटले, वीतभर राडा काढा, खाली काळीच आहे. या उपनगरांच्या सिमेंटखाली कसली जमीन गाडली गेली ते मी जुन्या सातबारांवर वाचलेले आहे.

अकरा घरे तयार झाली. दोन ट्रॉल्या शेणखत आणले. पालापाचोळा पेटवायचा बंद करून खड्ड्यात टाकायला लागलो. मृगाचा पाऊस झाल्यावर दोडका, दुधी, घेवडा, भेंडी टोकली. पुढे उघडीप पाहून मेथी आणि शेपू फेकला. भांडणे झाली नाहीत असे नाही. पाणी कुणाच्या नळाचे, यावरून दोन घरे पंधरा दिवस बोलत नव्हती. एक दुधी चोरीला गेला, त्यावर तीन बैठका झाल्या. पण श्रावणात रोज कुणाच्या ना कुणाच्या घरी वाफ्यातली भाजी होती, आणि बाटल्या दिसेनाशा झाल्या, कारण आता तिथे सकाळ-संध्याकाळ बायकांचा राबता होता.

एका सदस्याने मात्र कोपऱ्यात नारळाचे रोप लावले. “राहू दे की, कुणाला काय त्रास?” मी ते त्याच दिवशी उपटायला लावले आणि चार दिवस वाईटपणा घेतला. लोकांना नारळात नारळ दिसतो, मला वहिवाट दिसते. भेंडी चार महिन्यांत जाते. नारळाला मग आळे येते, आळ्याला कट्टा, कट्ट्यावर पत्रा, आणि एके दिवशी दगडाला शेंदूर. नोकरीत मी किमान पाच जागा अशा जाताना पाहिल्या आहेत.

म्हणूनच दसऱ्याच्या आठवड्यात अतिक्रमण म्हणून जेसीबी आला आणि दोडक्याचा मांडव लागलेल्या फळांसकट आडवा झाला, तेव्हा बाकीच्यांइतका मला राग आला नाही. वाईट वाटले. कार्यालयाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. तशाच खुर्चीवर मी आयुष्य काढले आहे. कुणीतरी तक्रार करतो, कागदावर परवानगी नसते, अधिकाऱ्याला पेन्शन सांभाळायची असते. मीही बहुधा तेच केले असते.

तेव्हा मागणी एवढीच: कागद द्या. भाडेपट्टा नको, मालकी तर नकोच. साधा ११ महिन्यांचा परवाना द्या. १८८२ च्या इझमेंट (म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवरच्या सुविधाधिकारांच्या) कायद्यात परवान्याची तरतूद आहेच. तो वापरण्यापुरता असतो, जमिनीत हक्क निर्माण करत नाही आणि मागे घेता येतो. अडचण येते ती परवानाधारकाने त्या भरवशावर खर्च करून कायमस्वरूपी काम उभारले तर. मग परवान्यातच लिहा की पक्के बांधकाम नाही, बोअर नाही, कुलपाचे फाटक नाही, हंगामी भाजीपाल्याखेरीज काही नाही. नारळाचा उल्लेख नावानिशी केला तरी चालेल. उद्यानासाठी खरोखर निधी आला, तर उभी मेथी काढून घ्यायला महिनाभर द्या. मेथीला तेवढाच वेळ लागतो.

हे काही जगावेगळे नाही. रेल्वे आपल्या रिकाम्या जमिनी ‘ग्रो मोअर फूड’ योजनेखाली कर्मचाऱ्यांना परवान्याने भाजीपाल्याला देत आली आहे, आणि जमीन रेल्वेचीच राहिली आहे. इंग्लंडात १९०८ च्या कायद्याप्रमाणे सहा मतदारांनी भाजीपाल्याच्या वाफ्यांसाठी लेखी मागणी केली तर स्थानिक संस्थेला तिचा विचार करावाच लागतो. तिथला एक वाफा पूर्वापार १० रॉडचा, म्हणजे आपले अडीच गुंठे. आमच्या अर्जावर अकरा सह्या आहेत आणि मागणी घरटी अर्ध्या गुंठ्याचीच आहे.

पाण्याची अट मात्र कडक हवी. मुंबईत रुळांकडेची पालेभाजी गटाराच्या पाण्यावर पोसल्याने बदनाम झाली. इथे शहराचे सांडपाणी कृष्णेत नेणाऱ्या शेरीनाल्याचा अनुभव गाठीशी असताना आपण तो धडा पुन्हा गिरवू नये. नाल्याचे पाणी घातलेले दिसले तर त्याच दिवशी परवाना रद्द करावा; आमची हरकत नाही.

आणखी एक. पूररेषेतल्या सार्वजनिक जागांचाही याच रीतीने विचार व्हावा. २०१९ चे पाणी ज्यांनी पाहिले ते निळ्या पूररेषेच्या आत बांधकाम मागणार नाहीत, आणि मागितले तरी देऊ नये. पण पूर ओसरल्यावर तिथे गाळाची माती साठते, आणि कृष्णाकाठच्या वांग्याचे नाव झाले ते अशाच मातीवर. माती एकदा तपासून घ्यावी आणि दिवाळी ते होळी हंगाम द्यावा. पावसाळ्याआधी जागा आपोआप मोकळी होते, त्यासाठी जेसीबी लागत नाही.

आमच्या अर्जावर आवक क्रमांक पडला आहे, उत्तर आलेले नाही. पडलेल्या मांडवातून वहिनींनी एक दोडका बियाण्यासाठी काढून ठेवला होता. तो वाळून त्यांच्या स्वयंपाकघरात खुंटीला टांगलेला आहे. मृगाआधी कागद हाती पडला तर टोकायला बी तयार आहे.

आपला,
एक निवृत्त तलाठी
विश्रामबाग, सांगली