पुराच्या दिवशी ड्रोन घेऊन आलेल्या चौघांचे आभार

सिंदफणेला पूर आला त्या रात्री वीज गेली आणि काही तासांतच आमच्या गावचा मोबाइल टॉवरही बंद पडला. सकाळी शाळेच्या मैदानात जीप उभी करून ज्या चौघांनी ड्रोन वर चढवला, त्यांची नावे विचारण्याचे भान आम्हां कोणालाच राहिले नाही, म्हणून हे जाहीर आभार.

ड्रोन म्हणजे लग्नाचे शूटिंग करणारा, एवढीच आमची ओळख; अर्ध्या तासात बॅटरी संपेल असे वाटले होते. परंतु याला खालच्या जनरेटरमधून वायरीने वीज मिळत असल्याने तो तासन्‌तास एकाच जागी राहिला, त्याच्या पोटाखालचे छोटे यंत्र टॉवरचे काम करत होते आणि पुढचा संपर्क जीपवरच्या डिशमधून उपग्रहाकडे जात होता. २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळानंतर पोर्तो रिकोत एटी अँड टी कंपनीने असाच ड्रोन सुमारे २०० फुटांवर ठेवला होता, हे त्यांच्यापैकी एकाने चहा पिताना सांगितले.

वाऱ्यामुळे तो दोनदा उतरवावा लागला. जीपच्या कडेला वायर घासू नये म्हणून त्यांच्यातला सर्वांत लहान मुलगा ओले गोणपाट धरून भर पावसात उभा होता. दुपारी माझ्या भावजयीला कळा सुरू झाल्या तेव्हा १०८ ला फोन लागला, तो याच ड्रोनमुळे. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत.

आपला एक निळा रेनकोट आमच्या ओसरीवर राहिला आहे. इकडे येणे झाल्यास तो न्यावा, आणि जेवूनच जावे.